पाववाल्यांची मोटर

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. आमच्याकडे बैल नव्हता, मोटर होती, आणि अति शहाणी मी होते. हे आधीच कबूल करते, म्हणजे मागाहून कुणी मला बोलायला नको.

आमच्या ह्यांना सगळे पाववाले म्हणतात. बत्तीस वर्षांपूर्वी बेकरीतला पाव होडीतून खाडीपलीकडे पोचवायला सुरुवात केली, म्हणून पाववाले. पुढे पावाबरोबर वर्तमानपत्रं जायला लागली, औषधं, गॅसच्या टाक्या, कुणाचा दुरुस्त करून आलेला चष्मा, पण नाव पावाचंच राहिलं. पलीकडे चाळीसेक घरं आहेत. रस्त्याने जायचं तर पूल पार वरच्या अंगाला, दीड तासाचा वळसा. होडीने वीस मिनिटं. आता होडी म्हणजे फार मोठं काही समजू नका. सहा पेट्या आणि दोन माणसं बसली की मी काठावरून म्हणणार, "अहो, पुरे."

माणूस अबोल. लग्नानंतर पहिला महिनाभर मला वाटायचं, ह्यांचं माझ्याशी काही बिनसलंय. मग कळलं की बोलणं ते पलीकडे खर्च करून येतात. तिथे एक म्हाताऱ्या बाई आहेत, त्यांना वाचायला दिसत नाही. तर हे काठावर उभे राहून त्यांना वर्तमानपत्राचं पहिलं पान वाचून दाखवणार, पावसापाण्याचा अंदाजसुद्धा, आणि मग उशीर झाला म्हणून परत येताना होडीच्या मोटरीवर चिडणार. मोटरीचा काय दोष? पण मी काही म्हटलं नाही कधी. बाहेर चिडून घरी शांत येणारा नवरा परवडला.

दोन महिन्यांपूर्वी ती मोटर गेली. होडीच्या मागच्या फळीला लावायची असते ती, पंधरा हॉर्सपॉवरची. अकरा वर्षं खाऱ्या पाण्यात राबली. मेकॅनिकने उघडली, आत बोट फिरवलं आणि म्हणाला, "पाववाले, आता हिच्यात नुसतं लोखंड उरलंय." नवी घेणं आपल्या आवाक्यातलं नव्हतं, तेव्हा वापरलेली बघायची ठरली. पलीकडच्यांनी निरोप पाठवला, पुढच्या महिनाअखेरपर्यंत वळसा घालून भागवतो. त्यानंतर एक वेगवान होडीवाला तयार होता, त्याला काम देणार. त्यांचंही चुकत नाही. माणसांना रोज औषधं लागतात.

आणि हे घरी बसले. आमच्या पुढच्या खोलीत माझं इस्त्रीचं दुकान आहे. लाकडी टेबल, त्यावर जुनी घोंगडी, भिंतीला हँगरची दांडी, कोपऱ्यात गिऱ्हाइकांच्या गठ्ठ्यांचं कपाट. हे तिथे स्टुलावर बसायचे आणि मला मदत करायचे. मदत कसली? एकाचा कोट दुसऱ्याला दिला, आणि तो दुसरा तो घालून लग्नाला जाऊन आला. ते निस्तरता निस्तरता माझ्या नाकी नऊ आले. पण ओरडायचं तरी कसं? पहाटे साडेचारला ह्यांना जाग यायची, अंधारात उठून बूट घालायचे, पलंगाच्या कडेला बसायचे, आणि मग एकेक बूट काढून ठेवायचे. मी डोळे मिटून पडलेली असायची. खरं सांगते, मला रडू यायचं.

त्यात उजवा खांदा. त्याची गोष्ट वेगळीच.

झालं असं, की ह्यांचा एक निळा शर्ट इस्त्रीला घेतला तर उजव्या काखेतली शिवण उसवलेली. मी शिवली. आठ दिवसांनी पुन्हा तीच शिवण, तिथेच. पुन्हा शिवली, दुहेरी टाके घालून. मनात म्हटलं, बघू आता कशी उसवते. तिसऱ्यांदा शर्ट हातात आला तेव्हा नीट बघितलं, तर दोरा तुटलेला नव्हता, ब्लेडने कापलेला होता. हात वर जात नव्हता, म्हणून बाहीत शिरायला जागा व्हावी यासाठी हे स्वतःच शिवण सोडत होते. आणि मी मूर्ख, ती शिवून शिवून त्यांना रोज त्याच दुखण्यात कोंबत होते. त्या दिवशी मी शिवण तशीच सोडली आणि वर इस्त्री फिरवली. हे काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. डाव्या हाताने केस विंचरतात, वरच्या फळीवरचा डबा मला काढायला सांगतात, हे सगळं मग दिसायलाच लागलं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून दोघंही गप्प.

गप्प बसायलाही कारण होतं. असली मोटर दोरी ओढून सुरू करायची असते. रात्रभर गार पडलेली पंधराची मोटर म्हणजे खांद्यापासून हिसका द्यावा लागतो, एकदा नाही, तीनदा, चारदा. मुलीने फोनवर सांगून बघितलं, "बाबा, बटणावर चालणारी घ्या ना." तर हे म्हणाले, "बटण आलं की बॅटरी आली, बॅटरी आली की तिचे नखरे आले. आपली फळी एवढं वजन पेलायची नाही." ते खरं होतं. पण बटण मागितलं की खांदा कबूल केल्यासारखं होतं, हेही खरं होतं.

मोटर बघायला मी बरोबर जायचे. वापरलेली वस्तू घ्यायला दोघांनी जावं, एकाने बघायचं आणि एकाने नको म्हणायचं. पहिली मोटर रस्त्याकडेच्या एका गॅरेजात होती. आत गेल्या गेल्या ह्यांनी मालकाशी बोलायच्या आधी मोटरीवर तळहात ठेवला, थोडा वेळ ठेवला. मला वाटलं, गाईच्या पाठीवर हात ठेवतात तसं काहीतरी असेल. मग वाकून बघितलं आणि म्हणाले, "रंग नवा आहे, आणि स्क्रूच्या खाचा खाल्लेल्या आहेत. कितीदा उघडलीय?" गॅरेजवाला हसला. आम्ही निघालो.

दुसरी एका मोठ्या बंगल्याच्या तळघरात. तिथेही आधी तळहात, मग बाकीचं. मोटर चांगली दिसत होती. मालक म्हणाला, "ओढा की दोरी." तर हे म्हणाले, "मालकाने सुरू करून दाखवायची, अशी रीत आहे." कसली रीत आणि कसलं काय! गेली बत्तीस वर्षं हा माणूस लोकांच्या मोटरी स्वतः ओढून बघत आलाय. मालकाने सहा वेळा ओढली, घामाघूम झाला, सातव्यांदा सुरू झाली. हे त्याच्या खांद्याकडे बघत होते, मोटरीकडे नाही. बाहेर येऊन म्हणाले, "आवाज फार करते." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

महिना संपायला पाच दिवस उरले आणि मास्तरांची जाहिरात दिसली. निवृत्त शिक्षक, रविवारी हौसेने मासे धरणारे, आता मुलीकडे चौथ्या मजल्यावर राहायला जाणार होते. तिथे माझं डोकं चाललं. ह्यांच्याच तोंडून कधीतरी ऐकलं होतं, मोटर गरम असली की लहान मूलही सुरू करील. मी दुकानातून फोन लावला.

"मास्तर, आम्ही चारला येतोय. तुम्ही साडेतीनला मोटर जरा चालवून ठेवाल का? गरम राहू दे."

"का हो, वहिनी?"

"ह्यांचा खांदा दुखतो. गार मोटर ओढवायची नाही, आणि परक्या माणसापुढे त्यांची शोभा नको. पण मी सांगितलं हे त्यांना कळता कामा नये."

"समजलं," मास्तर म्हणाले. "माझ्यापाशी राहील."

चारला पोचलो. मास्तरांचं अंगण झाडून लख्ख, घरात पुस्तकांची खोकी बांधून ठेवलेली. ओट्यापाशी लाकडी घोडीवर मोटर, तिचं खालचं टोक पाण्याने भरलेल्या पिंपात. शेजारी एक वही, तिच्यात तेल कधी बदललं, प्लग कधी बदलले, सगळं तारीखवार. अशी ठेवलेली मोटर मी आजवर बघितली नव्हती. मनात म्हटलं, झालं काम.

ह्यांनी तळहात ठेवला, आणि चटका बसल्यासारखा उचलला. 

"मास्तर," हे म्हणाले, "शिकलेल्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती. फसवायला दुसरी माणसं काय कमी आहेत?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मग खाली मान घालून चष्मा पुसायला लागले.  आणि मी? मी मूग गिळून गप्प. हे फाटकाबाहेर पडले आणि मी मागून गेले.

बसथांब्यावर बाकावर बसल्यावर ह्यांनी सांगितलं, "मोटर गरम होती. आपण यायच्या आधी चालवून ठेवलेली. गार मोटर काय ते खरं सांगते. गरम मोटर मालकाला हवं ते सांगते. म्हणून आधी हात लावायचा, आणि गरम लागली की काही न विचारता घरी जायचं. बत्तीस वर्षांत हा नियम मोडला नाही मी."

तर तो तळहात यासाठी होता. एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्यांच्या बोलण्यातलं निम्मं तेवढं ऐकलं होतं, आणि त्या निम्म्यावर शहाणपण केलं होतं. तिकडे एक सज्जन म्हातारा माझ्या शब्दासाठी खोटारडा ठरला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर इथे बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसलेला.

"अहो," मी म्हटलं, "मास्तरांची चूक नाही. मीच फोन करून सांगितलं होतं, गरम करून ठेवा म्हणून."

"तू? का?"

"तुमच्या खांद्यासाठी."

बस आली. दार उघडलं, ड्रायव्हरने आमच्याकडे बघितलं, दार मिटलं, बस गेली.

बस वळणाआड गेल्यावर हे म्हणाले, "कधीपासून माहीत आहे?"

"तिसऱ्यांदा शिवण उसवलीत तेव्हापासून."

"मग आधी दोनदा शिवलीस कशाला? दुसऱ्या वेळचे टाके तर निघता निघेनात."

"आपला शर्ट आपणच ब्लेडने कापणारा माणूस माझ्या बघण्यात नव्हता आधी."

त्यांना हसू आलं, मलाही आलं, आणि मग मला थांबवेना, रडूही त्याच्यातच आलं. थांब्यावर आणखी कुणी नव्हतं ते बरं.

"मला वाटलं, तुला कळलं तर तू मला पाण्यावर जाऊ देणार नाहीस," हे म्हणाले.

"नसतंच जाऊ दिलं. पण दोन महिने घरात जे बघतेय ते त्याहून वाईट आहे. पहाटे बूट घालून बसता ते मला दिसत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

त्यांनी आपल्या बुटांकडे बघितलं. मग त्यांना काहीतरी सुचलं. हिशेबी माणूस, त्यांच्या डोक्यातून धागा सुटत नाही. "आज मास्तरांनी गरम करून ठेवली. उद्यापासून रोज पहाटे कोण करणार होतं?"

"मी. तुमच्या आधी धक्क्यावर जाऊन."

"तू कधी दोरी ओढलीयस?"

"नाही. ओढली असती की. दिवसभर इस्त्री ओढतेच आहे."

हे माझ्याकडे बघत राहिले. असं बघितलं की मला पदर सारखा करावासा वाटला, या वयात. मग उठले आणि बसची वाट सोडून मास्तरांच्या घराच्या वाटेला लागले. मी मागून जवळजवळ पळत.

मास्तर ओट्यावर तसेच बसले होते. हे त्यांच्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, मी तुम्हाला नको ते बोललो. माझं चुकलं."

"तुमचं निदान बरोबर होतं," मास्तर म्हणाले. "मोटर गरमच होती. बसा, चहा टाकतो."

मास्तर कपबशा शोधायला खोकी उघडायला लागले, तेवढ्यात हे मला म्हणाले, "ओढ बघू."

मी साडी खोचली, दोरीची मूठ धरली. कसं उभं राहायचं ते त्यांनी दाखवलं, पाय कुठे टाकायचा, आधी दोरी हळू ओढून ताण घ्यायचा आणि मग हिसका. पहिल्यांदा ओढली तर दोरीच मला घेऊन गेली. दुसऱ्यांदा काही नाही. पाचव्यांदा सुरू झाली, तीही गरम असून. मी धापा टाकत म्हटलं, "झाली की सुरू. घेऊन टाका."

"ही नको," हे म्हणाले.

"अहो, एवढी चांगली मोटर! वही बघितलीत ना?"

"चांगलीच आहे. पण पंधराची दोरी आहे. आज गरम आहे तर पाच हिसके लागले. डिसेंबरात पहाटे काय होईल?" मग मास्तरांना विचारलं, "आठची, हलक्या दोरीची, आहे का कुणाकडे, माहितीत?"

मास्तर चहा घेऊन आले होते. जरा घुटमळले. म्हणाले, "आहे. माझ्याकडेच आहे. ती विकायची नव्हती." जिन्याखालच्या ताडपत्रीतून त्यांनी एक छोटी मोटर काढून आणली, पिशवी आणावी तशी. "मुलीच्या गॅलरीत ठेवणार होतो. मुलगी म्हणते, बाबा, चौथ्या मजल्यावर मोटर काय करणार? कपडे वाळत घालायची जागा आहे ती." ते हसले, पण हात मोटरीवरच होता. "दीड महिना हिला सुरू केलेली नाही. हात लावून बघा."

ह्यांनी तळहात ठेवला. ठेवून राहिले. मग मान हलवली.

पंधराची उतरवून आठची घोडीवर चढवली. मी म्हटलं, "आठच्या मोटरीने पलीकडे जायला चाळीस मिनिटं लागतील."

"लागू देत."

"पावाच्या पेट्या कमी बसतील."

"एक माणूस जास्त असणार आहे, कमी बसणारच. दुकान किती वाजता उघडशील?"

"अकराला उघडेन. कपडे काय पळून जातात?" मी म्हणाले आणि साडी पुन्हा खोचली.

पाय रोवले. ताण घेतला. ओढली, काही नाही. दुसऱ्यांदा मोटर खोकली आणि गप्प झाली. मास्तर पुढे व्हायला लागले तर ह्यांनी डावा हात आडवा धरला. तिसऱ्यांदा मी सगळा जीव एकवटून हिसका दिला, आणि सुरू झाली. पिंपातलं पाणी ढवळून निघालं, मागच्या भोकातून पाण्याची बारीक धार सुटली, सरळ, न तुटता. ती धार म्हणजे मोटर आतून गार राहतेय, एवढं मला दोन महिन्यांत कळायला लागलं होतं. मास्तर टाळी वाजवायचे तेवढे राहिले.

मी ह्यांच्याकडे बघितलं. वाटलं, धारेकडे बघत असतील, आवाज ऐकत असतील, बत्तीस वर्षं मोटरीत घालवलेला माणूस. तर ते माझ्या उजव्या हाताकडे बघत होते. मूठ लाल झाली होती, ती मी पदरात घेतली.

"दुखलं का?" त्यांनी विचारलं.

"थोडं," मी म्हटलं.

"मलाही दुखतं," ते म्हणाले. "फार दुखतं गं."

मोटर चालूच होती, म्हणून मास्तरांना ऐकू गेलं नसावं. मी त्यांचा उजवा हात धरला, कोपराखाली, जिथे दुखत नाही तिथे. बराच वेळ धरून उभी राहिले.

मग त्यांनी डाव्या हाताने मोटर बंद केली आणि मास्तरांकडे वळले.

"मास्तर, ही द्याल का? सोमवारपासून आम्हाला पलीकडे जायचंय."